धक्क्यावरचा फळा

अवकाशसंशोधन म्हटले की सामान्य माणसाच्या मनःचक्षूंपुढे ज्वाळा ओकीत वर जाणारा अग्निबाण, चंद्राच्या धुळीत उमटलेल्या चाकांच्या खुणा आणि नियंत्रणकक्षात टाळ्या पिटणारे शास्त्रज्ञ उभे राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे मालवणच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सहकारी सोसायटीच्या चिटणिशीत, म्हणजे डिझेलच्या कोट्याच्या नोंदी, बर्फाच्या लाद्यांचा हिशेब, जाळ्यांवरील कर्जाची वसुली आणि वार्षिक सभेतील जाबसाल यांत गेली, त्याच्या वाट्याला हे शास्त्र आले ते फॅक्स यंत्रातून घरघरत बाहेर पडणाऱ्या एका गुळगुळीत कागदाच्या रूपाने. त्या कागदावर किनाऱ्यावरील ठिकाणांची नावे, दिशा, अंश, किलोमीटर, पाण्याची खोली आणि अक्षांश-रेखांश एवढाच मजकूर असे. समुद्रात मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे हे सांगणारी ती सूचना हैदराबादेच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, ज्याला सर्वजण ‘इन्कॉइस’ म्हणतात, निघे. आणि ती फळ्यावर खडूने उतरवून धक्क्यावर टांगणे हे माझ्या कामाच्या फेरिस्तीत कोणी लिहून न ठेवता येऊन पडलेले काम होते.

या कागदाचे कूळ शोधू लागलो तेव्हा मला फार वर जावे लागले. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या ध्रुवीय प्रक्षेपकाने ओशनसॅट-१ हा उपग्रह, कोरिया व जर्मनी यांच्या एकेका लहान उपग्रहासमवेत, कक्षेत नेऊन सोडला. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण अशा कक्षेत फिरत, भर दुपारच्या सुमारास तो आपल्या डोक्यावरून जाई, आणि एका फेरीत १,४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा न्याहाळून दर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी येई. त्याच्या कॅमेऱ्याला ३६० मीटरहून लहान वस्तू निराळी ओळखता येत नसे. म्हणजे आमच्या सोसायटीच्या सर्व होड्या एकमेकींना बांधून समुद्रात उभ्या केल्या असत्या तरी त्या त्याच्या एका ठिपक्यात विरून गेल्या असत्या. मग मासा तर राहोच. हे ऐकून आमच्या संचालक मंडळातील एका सभासदाने, ‘असा उपग्रह मेला काय कामाचा?’ असा प्रश्न भर सभेत विचारला होता, आणि तो प्रश्न दिसतो तितका अडाणीपणाचा नव्हता.

त्याचे उत्तर मला एका प्रशिक्षण वर्गात मिळाले. तेथे आलेल्या तरुण शास्त्रज्ञाने प्रथमच स्पष्ट सांगितले की उपग्रह मासे पाहत नाही. तो पाण्याचा रंग पाहतो आणि पाण्याची ऊब मोजतो. समुद्राच्या पृष्ठभागालगत तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये हरितद्रव्य असते, ते सूर्यप्रकाशातील निळा भाग शोषून घेते, आणि म्हणून जेथे या वनस्पतींची दाटी झाली तेथील पाणी निळेपणाकडून हिरवेपणाकडे झुकते. या वनस्पतींवर सूक्ष्म जीव जगतात, त्या जीवांवर तारली-पेडव्यांसारखी लहान मासळी, आणि तिच्या पाठोपाठ मोठी. उष्ण आणि थंड पाण्याच्या सीमारेषेवर तळाकडील सत्त्वयुक्त पाणी वर येते, तेथे ही सारी साखळी गोळा होते; यास्तव तपमानाचा नकाशा आणि हरितद्रव्याचा नकाशा एकावर एक ठेवून जेथे दोहोंच्या रेषा जुळतात तेथे जाळे टाकावे, असा तो एकंदर सिद्धान्त. ओशनसॅटच्या आधी केवळ तपमानावर, तेही अमेरिकेच्या हवामान उपग्रहांकडून घेतलेल्या, हे काम चाले. रंगाची जोड मिळाल्यावर त्याला पक्केपणा आला.

यातील एक गोष्ट मात्र माझ्या मनात जी रुतून बसली ती आजतागायत निघालेली नाही. समुद्रावरून उपग्रहाच्या डोळ्यापर्यंत जो प्रकाश पोहोचतो त्याचा जवळजवळ नऊदशांश भाग पाण्यातून आलेला नसतोच. तो मधल्या हवेने, बाष्पाने आणि धुळीने विखुरलेला असतो. पाण्याचा स्वतःचा म्हणावा असा अंश उरतो दहाव्या हिश्शाइतका, आणि तेवढ्यावरून हरितद्रव्याचा हिशेब करावयाचा, म्हणजे आंगणेवाडीच्या जत्रेच्या गलबल्यात हरवलेल्या आपल्या पोराची हाक ओळखण्यासारखेच ते आहे. अग्निबाण वर जाताना आपण टाळ्या वाजवितो, परंतु ही वजाबाकी करणाऱ्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात मी कधी पाहिले नाही. माझ्यासारख्या हिशेबनिसाला त्यांच्याविषयी आदर वाटावा हे क्रमप्राप्तच होते, कारण जमेच्या बाजूला दिसणाऱ्या आकड्यांतून आपले खरे किती हे काढणे हाच आमचाही धंदा.

आता फळ्याविषयी. सूचना येत ती आरंभी आठवड्यातून तीन वेळा, आणि तिची उपयुक्तता दोन-तीन दिवसांपुरतीच असे, कारण पाण्याचे हे हिरवे पट्टे एका जागी बांधलेले नसतात. वादळवारा झाला, पाऊस लागला की दूरध्वनीची तार मुकी होई, आणि फॅक्स आलाच तर निम्म्या ओळी काळ्या पट्ट्यात बुडालेल्या असत. तो कागदही असा की उन्हात ठेवला तर संध्याकाळपर्यंत अक्षरे पुसट होऊन कोरा व्हावा. म्हणून मी प्रथम बारनिशीच्या वहीत सगळा तपशील उतरवून घेई आणि मगच फळ्याला हात लावी. परंतु आहे तसे उतरवून काही उपयोग नव्हता. होडी चालविणारा आमचा तांडेल पाण्याची खोली वावांत मोजतो. मीटर ही त्याच्या दृष्टीने कापडाच्या दुकानातील वस्तू. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंत होणारी लांबी, त्यामुळे कागदावर ‘४६ मीटर’ आले की फळ्यावर ‘२५ वाव’ पडे. अंशांच्या जागी मी वाऱ्यांच्या दिशा लिही, आणि अंतर सांगताना किलोमीटरांच्या जोडीला आमच्या प्रकारच्या यंत्राने तेथे पोहोचण्यास किती तास लागतील हेही लिहू लागलो, कारण तांडेलाचा पहिला हिशेब डिझेलचा असतो. फळ्याची एक बाजू खाऱ्या हवेने फुगली होती आणि त्या बाजूला खडू उमटत नसे. त्यामुळे तळाशील-आचऱ्याकडील ओळी नेहमी दाटीवाटीने डावीकडे बसत.

आमच्याकडील एक वृद्ध तांडेल, ज्यांना सगळा वाडा तात्या म्हणे आणि ज्यांचे अर्धे आयुष्य मालवणच्या किल्ल्याच्या पश्चिमेच्या पाण्यावर गेले होते, ते पहिल्या हंगामात रोज फळ्यासमोर उभे राहून, वाचता येत नसताही, तो माझ्याकडून वाचून घेत. एके दिवशी त्यांनी विचारले, “चिटणीसानू, ह्यो तुमचो उपग्रह बांगडो वळखता काय?” मी म्हटले, “नाही तात्या. तो पाण्याचा रंग तेवढा बघतो.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मगे रंग माझो बापूसपण बघी.”

हे उत्तर धक्क्यावर पुष्कळ दिवस गाजले, आणि शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना ते सांगितले की त्यांना त्यात परंपरेचा मोठा विजय दिसे. मला तसे कधी वाटले नाही. तात्यांचे वडील पाण्याचा रंग पाहत ही गोष्ट अक्षरशः खरी होती; गढूळ पाणी कोठे फाटते, पक्षी कोठे घिरट्या घालतात, पाण्यावर तेलकट तवंग कोठे उमटतो, हे पाहूनच ते जाळे टाकीत. परंतु होडीत उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या भोवतालचे थोडे मैल दिसतात, आणि त्याच्या पलीकडे पाणी कसे आहे हे त्याला तेथे जाऊनच, डिझेल जाळूनच, पाहावे लागते. उलट उपग्रहाला सारा किनारा एका दृष्टिक्षेपात दिसतो, पण त्या हिरव्या पाण्याखाली बांगडा आहे, तारली आहे की नुसती झारच आहे, हे सांगता येत नाही. पुढे कुप्यासाठी निराळी सूचना निघू लागली, तरी बाकी मासळीच्या बाबतीत अखेरचा निर्णय तांडेलाचाच राहिला. स्वतः तात्यांनी, मी पाहिले, फळ्याचा उपयोग केला तो कोठे जावे हे ठरविण्यासाठी नव्हे, तर दोन ओळखीच्या जागांपैकी आज कोणत्या जागी जावे हे ठरविण्यासाठी. आणि हा उपयोग मला फार शहाणपणाचा वाटला.

परंतु या फळ्याने जे एक शल्य उघडे केले त्याविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या किनाऱ्यावर रापण हा मासेमारीचा जुना प्रकार. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडीत जावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून शेकडो हातांनी ओढावयाची. वाड्यातील बायामाणसे, पोरे, म्हातारे सगळे दोराला लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, राबणाऱ्याचा वाटा, आणि दोराला नुसता हात लावणाऱ्या विधवेच्या टोपलीतही पाच-दहा बांगडे पडावेत अशी रीत. या रापणीची मर्यादा किनाऱ्यापासून हाकेच्या टप्प्याची. आणि फळ्यावर लिहिलेले असे: नैर्ऋत्येस, पस्तीस ते चाळीस किलोमीटर, २५ वाव. एका रापणकराने एकदा फळा वाचून म्हटले, “सांगणाऱ्यान बरा सांगल्यान, पण पंचवीस वाव पाण्यात रापण घालूची कशी?” त्याच वेळी मोठ्या यंत्राच्या आणि पर्ससीन जाळ्याच्या नौका, ज्यांच्याकडे प्रतिध्वनीने मासळीचा थवा शोधणारी साधनेही असत, त्या हीच ओळ वाचून पहाटेस निघून जात.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. उपग्रहाने पक्षपात केला नव्हता. हैदराबादेच्या कागदावर कोणाचे नाव लिहिलेले नव्हते. सूचना विनामूल्य होती आणि धक्क्यावर ज्याला डोळे होते त्या प्रत्येकाला खुली होती. पण सर्वांस सारखी खुली असलेली बातमी ज्याच्या अंगी धावण्याचे बळ अधिक त्याच्याच पदरात अधिक टाकते, हे मला कोणा अर्थशास्त्रज्ञाच्या ग्रंथात वाचावे लागले नाही. ते मला दर शनिवारी मापाच्या वहीत दिसे. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातील वाद पुढे किती विकोपाला गेला, मोर्चे निघाले, समुद्रात नौका अडविल्या गेल्या, डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल झाला आणि अखेर ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, हा इतिहास येथील सर्वांस ठाऊक आहे. त्या वादाचे मूळ फळ्यात नव्हते, हे मी मान्य करतो. तथापि तो फळा त्या वादाबाहेर होता असेही म्हणता येत नाही.

एकदा वसुलीच्या निमित्ताने विजयदुर्गास गेलो असता, थकबाकीदार घरी न सापडल्याने, किल्ल्यावर जाऊन बसलो. तेथे काही दगडी चौथरे आहेत, त्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज ज्योतिर्विदाने येथूनच हेलियमचा शोध लावला असे मोठ्या अभिमानाने सांगतात; त्या दिवशी तेथे हेलियम दिनही साजरा होतो. अभिमान ठीक आहे, परंतु दफ्तर तपासले तर नोंद वेगळी निघते. १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळी जानसेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, ज्योतिर्विद पॉगसन मछलीपट्टणला होता, आणि लॉकियर इंग्लंडमध्येच होता. त्याने ऑक्टोबरात ग्रहणावाचून, नुसत्या वर्णपटदर्शकाने, सूर्यकडेच्या ज्वाळांत हेलियमची पिवळी रेषा पाहिली. तो विजयदुर्गास खरोखर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेसह. आणि त्या नौकेच्या खलाशांना त्याने ग्रहणाची कवाईत शिकवून एकेका कामावर नेमले. आपल्याच मुलखात जेऊर येथे त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आपली यंत्रे घेऊन बसले होते, ही गोष्ट तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत.

माझे मन त्या ओट्यावर बसून हेलियमपेक्षा त्या खलाशांत अधिक गुंतले. जेमतेम दोन मिनिटांची खग्रास अवस्था, त्यासाठी जहाजभर सामान, प्रिझम बसविलेले कॅमेरे, आणि ज्यांचा सूर्याशी संबंध वेळ पाहण्यापुरता त्या दर्यावर्दी माणसांनी कोणी तबकडी बदलावयाची, कोणी सेकंद मोजावयाचे, कोणी प्रभामंडलाचे चित्र काढावयाचे. मोठ्या शोधाच्या तळाशी अशी हाताखालची माणसे असतात. आपल्या देशाच्या अवकाशकार्याचा आरंभही केरळातल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावी झाला. चुंबकीय विषुववृत्त त्या गावाजवळून जाते म्हणून विक्रम साराभाईंनी ती जागा निवडली, तेथील कोळ्यांनी जमीन सोडली, बिशपांनी चर्च दिले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण तेथून उडाला. आमच्या धंद्यातील माणसांचे या शास्त्राकडे जे येणे होते, ते मला वाटते, तेव्हापासूनचे आहे.

ते येणे काही प्रमाणात फिटले, तर ते मासळीच्या बातमीने नव्हे, वाऱ्याच्या बातमीने. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकणावर आले तेव्हा समुद्रात गेलेल्या कित्येक होड्यांना ते येत आहे हे कळलेच नाही. वादळ उपग्रहाने पाहिले होते, वेधशाळेने इशारा काढला होता, तो कचेऱ्यांत पोहोचला होता, धक्क्यावर लागलाही होता. पण ज्याला तो हवा होता तो माणूस धक्क्यावर नव्हता. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरांच्या पुढे भ्रमणध्वनीचा आवाज बसतो, आणि तेथून पुढे तांडेल जुन्या काळाइतकाच एकटा असतो. त्या रात्री आमच्या धक्क्यावर बायका कंदील घेऊन बसल्या होत्या आणि मी कचेरीत दूरध्वनीजवळ बसून कोणत्या बंदरात कोणती होडी लागली याची यादी करीत होतो. फळ्यावर त्या दिवशी मासळीची सूचना तशीच राहिली होती. कोणीतरी ती हाताने पुसून टाकली.

त्यानंतर डिसेंबर २०१७ च्या आरंभी ओखी वादळात केरळ व तमिळनाडूच्या मच्छीमार नौका भरकटत, वाऱ्याशी झगडत, देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. नऊशेहून अधिक खलाशी. त्यांच्या जेवणाची, डिझेलची, बर्फाची तजवीज करण्यासाठी आसपासच्या सोसायट्यांची माणसे गेली, तसा मीही गेलो. भाषा जुळेना, मल्याळम आम्हांस येईना, मराठी त्यांस येईना, मोडक्या हिंदीवर काम चालले. त्यांच्यातील एका वयस्क नौकामालकाने मला आपल्या केबिनमधील साधने दाखविली: जागा सांगणारे यंत्र होते, खोली मोजणारे होते, आपसांत बोलण्याचा बिनतारी संच होता, ज्याचा आवाज शेजारच्या होडीपर्यंत जाई. स्वतः कोठे आहो हे त्याला आकाशातील उपग्रहांच्या साहाय्याने पावला-पावलावर कळत होते. केरळपासून इथपर्यंत वाटेतला प्रत्येक बिंदू त्या पडद्यावर उमटला होता. फक्त पुढे काय येत आहे हे सांगणारे कोणी नव्हते. माणसाला त्याचा ठाव सांगणारे आणि त्याला इशारा देणारे उपग्रह दोन्ही वर असता, त्या दोहोंची गाठ त्या केबिनमध्ये पडली नव्हती.

ही गाठ घालण्याचा प्रयत्न पुढे झाला. विमानांना अचूक स्थान कळावे म्हणून उभारलेल्या ‘गगन’ व्यवस्थेच्या, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांमार्फतच मच्छीमारांना संदेश पाठवावयाचा, आणि होडीतील ‘जेमिनी’ नावाच्या लहानशा पेटीने तो पकडून तांडेलाच्या भ्रमणध्वनीवर उमटवावयाचा, अशी योजना ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाली. किनाऱ्यावरील मनोऱ्याची गरज नाही, अंतराची अडचण नाही. ती पेटी प्रथम हातात घेतली तेव्हा तिच्या हलकेपणाचेच मला नवल वाटले. तिच्यात एकच उणीव होती: ती ऐके, बोलत नसे. वरून आलेला शब्द खाली पोहोचे, खालची हाक वर जात नसे. ही उणीव दूर करणारे, दोन्ही बाजूंनी संदेश नेणारे ट्रान्सपाँडर इस्रोने सिद्ध केले, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे किनारपट्टीवरील राज्यांतील एक लाख नौकांवर ते बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला.

योजना चांगली, साधन विनामूल्य, तरी आमच्या सभेत यावर जी चर्चा झाली तीत उत्साहाबरोबर संशयही होता, आणि तो संशय वेडगळ नव्हता. होडी कोठे आहे हे आता किनाऱ्यावरच्या पडद्यावर दिसणार. म्हणजे तांडेलाने बापजाद्यांकडून मिळविलेली, दोन डोंगरांचे कडे आणि निवतीचे दीपगृह यांच्या आधाराने पक्की केलेली मासळीची जागा, जी तो सख्ख्या भावालाही सांगत नाही, तीही दिसणार. “वाऱ्याची खबर होयी,” एक तरुण तांडेल उठून म्हणाला, “पण आमचो ठावठिकाणो सगळ्यांका कित्याक?” त्याला उत्तर देणारा म्हणाला की पडदा शासनाकडे राहील, बाजारात मांडला जाणार नाही. त्यावर मागून कोणीतरी हसले. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, सभासद म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. माझे मत विचारले तेव्हा मी एवढेच म्हणालो की ठावठिकाणा लपवून ठेवावयाचा असेल तर वादळाच्या दिवशी तो कोणी शोधावा अशी अपेक्षा करता येणार नाही, पण तो कोणी पाहावा, किती दिवस ठेवावा आणि कोणास देऊ नये हे लेखी मागून घेण्याचा हक्क आपणांस आहे. तसे पत्र करण्याचे ठरले. त्याचा मसुदा नव्या चिटणिसाने केला, मी फक्त दोन ठिकाणी विरामचिन्हे बदलली.

फॅक्स यंत्र आता भंगारात गेले आहे. ओशनसॅट-१ चे काम २०१० मध्येच संपले; त्याच्या जागी दुसरा आला, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेला तिसरा अधिक रंग ओळखतो, आणि मासळीची सूचना मासेमारीबंदीचे व वादळी दिवस सोडले तर रोज प्रत्येकाच्या खिशातील यंत्रावर येते. तरीही फळा काढलेला नाही. वयस्क तांडेल तो वाचून घेतात, तरुण त्याचे छायाचित्र काढून नेतात. सोसायटीच्या ठरावबुकात मात्र माझ्या कारकीर्दीतला, फयाननंतरच्या सभेतला, एक ठराव आहे, आणि नव्या चिटणिसाने तो अंमलात ठेवला आहे: फळ्याच्या वरच्या निम्म्या भागात वाऱ्याचा व लाटांचा इशारा लिहावा, इशारा नसल्यास तो भाग कोरा ठेवावा, आणि मासळीचा मजकूर खालच्या भागात यावा, जागा अपुरी पडल्यास मासळीचा मजकूर कमी करावा, वरच्या भागात उतरवू नये.